भाळी लिहिलेलं मरण: भालची लेकरं टेबलावर कशी आणायची?

मांजराकाठी

नमस्कार मंडळी. लातूरचं टेबल आहे, चार खेळाडू आणि मी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा). 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची (डी अँड डी, फासे टाकून कथा खेळायचा खेळ) पाचवी आवृत्ती, सहा सेशन (बैठका), पात्रं लेव्हल ३ ते ६ ची. गाभा 'बाल्डर्स गेट' या व्हिडिओ गेममधल्या भालचा, म्हणजे खुनाच्या देवाचा घ्यायचाय. देवाला आपलं मरण आधीच कळतं, तो माणसांत लेकरं पेरून ठेवतो, आणि चारही पात्रं त्याच लेकरांतली. जागा मात्र आपली: गोदेचं खोरं, किल्ले, दुष्काळ.

तीन ठिकाणी अडतंय. भविष्यवाणी आधीच सांगितली तर खेळाडू म्हणणार, सगळं ठरलंयच तर आम्ही फासे कशाला टाकायचे? दुसरं, भावंडं एकमेकांवर उठली तर टेबल मोडतं. तिसरं, रक्ताची ओढ नियमात कशी बसवायची? जुने दोन्ही गेम आणि तिसराही ज्यांनी मुरवून खेळलाय त्यांनी सांगा. स्पॉयलर चालतील.

गोदातीर

आधी भालचा हिशोब लावू, निम्म्या चुका तिथंच होतात.

भाल, बेन आणि मिर्कुल ही तिघं मुळात माणसं. जर्गल नावाचा जुना देव कारभाराला कंटाळला होता, त्यानं गादी देऊ केली. तिघांनी हाडं आणि कवट्या खेळून खातेवाटप केलं (आपल्याकडं यापेक्षा वेगळं काही होत नाही). जिंकलेल्या बेननं जुलूम घेतला, दुसऱ्या मिर्कुलनं मेलेले घेतले, तिसऱ्या आलेल्या भालनं मारणं घेतलं. म्हणजे मिर्कुलच्या दुकानाचा माल भालच्या हातात राहिला.

पुढं डेलरेकनिंग (त्या जगाची कालगणना) १३५८. बेन आणि मिर्कुलनं नियतीच्या पाट्या चोरल्या म्हणून सगळ्यांच्या वरचा आओ भडकला आणि त्यानं देवांना मर्त्य अंगात घालून जमिनीवर फेकलं. टोर्म देवाशी झुंजायला ताकद हवी म्हणून बेननं जगातल्या मारेकऱ्यांचे जीव ओढून घेतले. मारेकरी म्हणजे भालचे भक्त. भक्त गेले तसा भाल आटला, आणि बोअरस्कर पुलावर सिरिक नावाच्या माणसानं त्याला गॉड्सबेन तलवारीनं मारलं. पुलाखालून पुढं वाहणारं वाइंडिंग वॉटर नदीचं पाणी तेव्हापासून काळं आणि विषारी.

आता तारखांकडं बघा. पहिला गेम १३६८ मध्ये सुरू होतो आणि तुमचं पात्र तेव्हा वीस वर्षांचं असतं. म्हणजे लेकरं पतनाच्या दहा वर्षं आधीची. आधी पेरणी, मग मरण. बरेच डीएम उलटं लिहितात, देव खाली पडला आणि घाईघाईनं लेकरं करत सुटला. तसं केलं तर १३६८ ला तुमची पात्रं चौथीच्या वर्गात बसतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भालला वारस नको होता. लेकरू मेलं की त्याच्यातला देवाचा अंश परत कोठारात जमा, पुरेसा साठला की भाल उठणार. ही लेकरं म्हणजे दुष्काळाच्या वर्षासाठी कणगीत राखलेलं बियाणं. बियाण्याची ज्वारी कुणी लेकीसारखी सांभाळत नाही, पुढच्या पेरणीसाठी सांभाळतो. तुमच्या देवाचा स्वभाव एवढ्या एका गोष्टीवरून ठरतो. तो लेकरांना स्वप्नात लाडीगोडी लावेल, पण वाचवायला येणार नाही.

जगात_परभणी

गोदातीर भाऊ, मारेकऱ्यांचे जीव ओढायची गोष्ट कथेसाठी नव्हती हो. १९८९ ला एडी अँड डीची (डी अँड डीचंच जुनं रूप) दुसरी आवृत्ती आली, तिच्यातून असॅसिन क्लास (मारेकरी हा पात्रप्रकार) काढून टाकला होता. नियम बदलला म्हणून जगातले सगळे मारेकरी मारून टाकले, अन् त्यात भालचा घास गेला. देवाचं मरण नियमपुस्तकानं आणलं बघा. मांजराकाठी, तुम्हीबी कोणता नियम टेबलावरून काढणार असाल तर देवाच्या माथी मारा, कुणी विचारणार नाही.

अंधारी_देवगिरी

भविष्यवाणीवर येते.

पहिला गेम जिथं सुरू होतो त्या कँडलकीपच्या मठात अलाउंडो नावाच्या द्रष्ट्याची वाणी रोज पठण करतात. तिचा आशय एवढाच: खुनाचा धनी मरेल, मरता मरता एक कोडी लेकरं मागं ठेवील, त्यांच्या वाटेवर गोंधळ पेरला जाईल. त्यात कोण जगणार हे नाही, गादीवर कोण बसणार हे नाही, गोंधळ चांगला की वाईट हेही नाही. एक कोडी म्हणजे वीस, पण 'थ्रोन ऑफ भाल'मध्ये (दुसऱ्या गेमचा पुढचा भाग) एकट्या सारादुश शहराच्या वेढ्यात अडकलेलीच इतकी निघतात की आकडा केव्हाच ओलांडला जातो. म्हणजे वाणीतलं 'काय' खरं ठरलं, 'किती' सैल राहिलं, 'कोण' कोरंच होतं. खेळाडूला फासा टाकायला जागा मिळते ती 'कोण' आणि 'कसं' यांत. तुमच्या वाणीत क्रियापदं पक्की लिहा, कर्ते गाळा.

तुमच्या मातीतली युक्ती हवी तर पाचवी घ्या. बाळाच्या पाचवीला सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, रात्री येऊन ती भाळी लिहून जाते. (भाल आणि भाळ, नाव आयतंच जुळलंय.) सेशन शून्यला (खेळाआधीच्या तयारीच्या बैठकीला) चौघांना प्रत्येकी एक कोरी चिठ्ठी द्या. प्रत्येकानं डावीकडच्या खेळाडूच्या पात्रासाठी एक ओळ लिहायची, मरणाची, पण नाव आणि हत्यार न घालता. 'पाण्याजवळ', 'ओळखीच्या हाकेनंतर', 'उघड्या दारात' असं काहीतरी. चिठ्ठ्या तुम्ही वाचायच्या आणि बंद ठेवायच्या. ज्याची त्याला चौथ्या सेशनच्या शेवटी द्या. आधी दिलीत तर खेळाडू दोन सेशन विहिरीच्या आसपास फिरकणार नाही, शेवटच्या सेशनला दिलीत तर वापरायला वेळ उरत नाही.

फसतं कुठं? 'तू मरशील' एवढंच लिहिलं की चिठ्ठी फुकट जाते. आणि विनोदी ओळी. एकजण 'वडापाव खाताना' लिहिणारच, त्याच्याकडून तिथंच दुसरी लिहून घ्या.

पैठणचा_घाट

परक्या देवांकडं जायच्या आधी घरचं मुसळ बघा की. देवाचं लेकरू, आधी सांगितलेलं मरण आणि वाणी टाळायला केलेली खटपट, तिन्ही एकाच गोष्टीत आहेत.

कृष्णाचा मुलगा सांब. यादवांच्या पोरांनी त्याला लुगडं नेसवून गरोदर बाई केलं आणि ऋषींना विचारलं, हिला काय होणार? उत्तर आलं, कुळाचा नाश करणारं मुसळ. लोखंडी मुसळ निघालं. त्यांनी ते किसून चूर्ण समुद्रात टाकलं, उरलेला तुकडाही फेकला. चूर्णाची लव्हाळी उगवली, ती उपटून यादवांनी एकमेकांना मारलं. तुकडा माशाच्या पोटात गेला, तिथून जरा नावाच्या पारध्याच्या बाणाला लागला, आणि तो बाण कृष्णाच्या पायात. भागवताच्या अकराव्या स्कंधात पहिल्या अध्यायात शाप आहे आणि तिसाव्यात बाण. मधले सगळे अध्याय ज्ञानाचे. एकनाथ महाराजांनी टीका लिहिली ती याच स्कंधावर.

डीएमनं यातून उचलायचं ते असं: खेळाडू वाणी मोडायला जे करतील, त्यातूनच वाणीला हत्यार मिळू द्या. त्यासाठी आधी काही ठरवायची गरज नाही. एक वहीचं पान ठेवा आणि पात्रांनी जे जे नष्ट केलं, लपवलं, नदीत टाकलं, विकलं त्याची नोंद करा. सहाव्या सेशनला त्या यादीतल्या दोन गोष्टी परत आणा, तीन नको. तिसरी आली की खेळाडूंना वाटतं डीएम मागं लागलाय, आणि त्यांचं बरोबर असतं.

फासा_वीस

रक्ताच्या ओढीचे नियम. इथं जवळपास सगळे एकच चूक करतात, दर मुक्कामाला विज्डम सेव्ह (मोह थोपवायचा फासा) टाकायला लावतात. हिशोब करा. डीसी (गाठायचा आकडा) १३, पात्राची बेरीज +२, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ११ लागतात, यशाची शक्यता निम्मी. सहा रात्री एकदाही न चुकण्याची शक्यता ६४ मध्ये १. मग ती ओढ राहत नाही, वेळापत्रक होतं. खेळाडूला दुसऱ्याच रात्री कळतं की आपल्या हातात काही नाही.

त्याऐवजी डाग मोजा, ० ते ६. सेव्ह फक्त एकाच प्रसंगी टाका, पात्रानं जिवंत सोडता येण्यासारख्याला मारलं तर. डीसी १० अधिक डाग. +२ वाल्याला डाग ० असताना ८ लागतात, म्हणजे ६५ टक्के. डाग ३ ला ११ लागतात, ५० टक्के. डाग ६ ला १४ लागतात, ३५ टक्के. चुकला की एक डाग वाढतो. उतार खेळाडूच्या स्वतःच्या करणीनं तयार होतो आणि तो त्याला दिसतो.

सेव्ह चुकली म्हणून पात्र तुमच्या ताब्यात घेऊ नका. खेळाडूला दोन वाईट पर्याय द्या आणि निवड त्याची ठेवा: पुढचा हल्ला पडलेल्या शत्रूवर वाया घालव, किंवा या फेरीत सोबत्यांना मदत करू नको. पहिल्या गेमचीच नक्कल करा. तिथं दर काही प्रकरणांनी स्वप्न पडतं आणि तुमच्या नावलौकिकाप्रमाणं शक्ती मिळते. चांगल्याला जखम भरणं आणि विष थोपवणं, वाईटाला जीव शोषणं आणि भीती घालणं. दोन्ही बापाचीच देणगी. चांगलं वागणाऱ्यालाही भाल काहीतरी देतो हे खेळाडूला जास्त खुपतं, अनुभवानं सांगतो तो भाग सोडू नका.

स्लेयरचं (भालच्या लेकराचं राक्षसी) रूप मात्र लेव्हल ३ ते ६ च्या टेबलावर आणूच नका. दुसऱ्या गेममध्येही ते आत्मा चोरीला गेल्यावर येतं आणि जास्त वेळ त्या रूपात राहिलं तर स्वतःचंच अंग खातं.

मांजराकाठी

डाग घेतला. मुसळाचं पान तर लगेच वहीत काढलं. भावंडांचं काय? चौघांत एकाला गादीची हाव सुटली तर?

गोदातीर

त्याच्यासाठी टेबलाबाहेरचा भाऊ हवा. पहिल्या गेमचा खलनायक सारेवोक, भालचाच मुलगा, त्याचसाठी आहे. भालच्या देवळात लेकरांचे बळी चालले होते, गोरायननं (तुमच्या पात्राला वाढवणाऱ्यानं) तिथून एक लेकरू, म्हणजे तुमचं पात्र उचललं, सारेवोक मागं राहिला. दोघांतला फरक एवढाच. त्यानं वाणी वाचली आणि ठरवलं की गोंधळ म्हणजे युद्ध, पुरेसे खून झाले की खुनाची गादी आपली. हा अर्थ चुकीचा होता, त्याच्या मरणानं तेवढं सिद्ध झालं. टेबलावर हाच भाऊ आणा, तोच हावरट, म्हणजे चौघांपैकी कुणाला हाव सुटली तरी आरशात थोरला दिसतो.

इमोएनही विसरू नका. पहिला गेम संपेपर्यंत ती नुसती बालपणची मैत्रीण असते, दुसऱ्यात कळतं की तीही भालचीच लेक, म्हणजे सावत्र बहीण. चौघांसोबत सुरुवातीपासून हिंडणारा एखादा साधा एनपीसी (डीएमनं चालवलेलं पात्र) ठेवा आणि चौथ्या सेशनला हे उघड करा.

उत्तरेचा_वारा

नॉर्स बाजूनं थोडं घालतो, कारण देवांच्या ठरलेल्या मरणाचं सगळ्यात काटेकोर वेळापत्रक तिथंच आहे. ओडिनला फेनरिर लांडगा गिळणार, थॉर योरमुंगांडर या महासर्पाला मारून विषानं नऊ पावलांवर पडणार, फ्रेयर तलवार देऊन बसला म्हणून सुर्टर या आगीच्या राक्षसापुढं कमी पडणार. कोण कुणाच्या हातून, सगळं नावानिशी. पण मागं उरणारी लेकरंच: ओडिनचा मुलगा विदार बापाचा सूड घेतो, थॉरची मुलं मोदी आणि माग्नी त्याचा हातोडा घेतात. विदारचा जाड जोडा चामड्याच्या टाकाऊ कातरणांचा, जोडे शिवताना टाचेच्या आणि चवड्याच्या उरलेल्या तुकड्यांचा. बारीक वाटेल, पण पात्रांना शेवटच्या लढाईसाठी असंच काही हळूहळू गोळा करायला लावा, दर सेशनला एक तुकडा.

'गॉड ऑफ वॉर' या व्हिडिओ गेमच्या २०१८ च्या भागात फ्रेयानं आपल्या मुलाचं, बाल्डरचं मरण टाळायला त्याला अजिंक्य केलं, तर त्याला स्पर्श, चव, काहीच कळेना. टाळलेल्या मरणाचीही किंमत असते, तुमच्या देवाला ती लावा. आणि २०२२ च्या 'रॅग्नारॉक'मध्ये नॉर्न (नियती सांगणाऱ्या देवता) म्हणतात की नियती वगैरे काही नाही, तुम्ही इतके ठरीव वागता की आम्हाला आधीच कळतं. हे टेबलावर अक्षरशः करता येतं. पहिल्या दोन सेशनमध्ये कोण दार न तपासता उघडतो, कोण आधी बोलतो, कोण पैसे लपवतो ते टिपून ठेवा आणि तिसऱ्या सेशनची वाणी त्यावरून लिहा. हमखास खरी ठरते.

जगात_परभणी

तिसऱ्या गेमचं कुणी बोलंना म्हणून मी बोलायलोय. २०२३ चा, साल १४९२. त्याच्या आधी १४८२ ला भालची उरलेली दोन लेकरं, एबडेल एड्रियन अन् विएकांग, बाल्डर्स गेटात एकमेकांवर उठली. राहिलेलाबी मेला, अन् भाल परत उठला. बियाणं पुरतं जमा झालं म्हणा.

डार्क अर्जला (त्या गेममध्ये खेळाडूला निवडता येणारं भालचं लेकरू) आई नाही, तो भालच्या स्वतःच्या मांसरक्तातून केलेला. त्याला दुसऱ्या अंकात इसोबेलला मारायचा हुकूम होतो, तिच्याच जादूवर लास्ट लाइट इन ही सराय तगलेली. मारलं तर स्लेयर रूप मिळतं अन् सरायवरचं संरक्षण जातं, अख्खी सराय बुडते. मांजराकाठी, हुकूम असा पाहिजे, फायदा एकाला अन् नुकसान गावाला.

ओरिनशी (भालच्याच वंशातली खलनायिका) एकट्यानं झुंज घ्यायची वेळ आली तर मोठे घाव वाया जातात. तिच्या अंगावर थर असतात, प्रत्येक फटका एक थर काढतो, घाव केवढाबी असो. मॅजिक मिसाइल मंत्राचे बाण वेगवेगळे मोजतात, तेच काढा. टेबलावरबी हे फिरवता येतंय: देवाच्या लेकराला मोठ्या फाशानं नाही, फटक्यांच्या संख्येनं मारायचं. म्हणजे चारही खेळाडू कामाला लागतात, एकटा पॅलाडिन (मोठे घाव घालणारा धर्मयोद्धा) मिरवत नाही.

अंधारी_देवगिरी

तिसऱ्या गेमच्या दुसऱ्या अंकातली डेम एलिन इथं जास्त कामाची आहे. ती चंद्रदेवी सेलूनेची मुलगी, अमर. त्या अंकातला खलनायक केथरिक, त्यानं तिला छायालोकात बांधून तिचं अमरपण स्वतःसाठी वापरलं. ती सुटली की तो मारता येतो. देवाचं लेकरू म्हणजे फक्त वारस किंवा बियाणं नाही, दुसऱ्या कुणासाठी ढालही होऊ शकतं. तुमच्या सहा सेशनमधलं एक भावंड असं बांधलेलं ठेवा.

(बाल्थाझार नावावरून गोंधळू नका. 'थ्रोन ऑफ भाल'मधल्या पाच बलाढ्य लेकरांपैकी एक तो आमकेथ्रान गावचा संन्यासी, भालचा मुलगा. केथरिकचा मांत्रिक वेगळाच.)

आता जागा. सारेवोकची युक्ती लोखंडाची होती. नॅशकेलच्या खाणीतली धातू नासवायची, काफिल्यांवर दरोडे घालायचे, क्लोकवुडच्या खाणीतलं आपलं लोखंड कोंडून ठेवायचं आणि दोन राज्यांना एकमेकांवर घालायचं. त्या गेममध्ये साधी तलवार हातात मोडते ती याचमुळं. मराठवाड्यात लोखंडाऐवजी पाणी घ्या, एका वाक्यात पटतं. बारवा नासवल्या, आड आटवले, पाण्याच्या पखाली लुटल्या, आणि सगळं पाणी एका किल्ल्यात अडवलेलं. नळदुर्ग बघा, बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल. क्लोकवुडची खाण शेवटी नदीचं पाणी सोडून बुडवता येते, तुमच्या खेळात बंधारा फोडला तर खालची गावं बुडतील आणि नाही फोडला तर तहानेनं मरतील. वाणीतलं 'पाण्याजवळ' तिथं आपोआप लागू होतं.

देवगिरीची अंधारीही वापरा. कातळातला वळणावळणाचा काळोखा जिना, आणि वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर आग पेटवून वाट बंद करायची सोय. फेरीला धुराची कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तग धरायचा फासा), डीसी १२. मशाल पेटवली तर दिसतं पण धूर वाढतो, म्हणजे डीसी १४. डार्कव्हिजनवाल्या (अंधारात दिसणाऱ्या) पात्राला पुढं जायचा मान मिळतो, एवढं पुरे.

आणि एक सांगते, जागत्या देवांना यात ओढू नका. खंडोबा, तुळजाभवानी, येडेश्वरी यांच्यापैकी कुणाला मरणारा देव केलंत तर खेळाआधीच भांडण. देव नवा घडवा. सटवाईची चिठ्ठी रीत म्हणून घ्या, ती खलनायिका नको.

मांजराकाठी

ठरलं. देवाचं नाव 'कणगीचा धनी'. शेवटचं विचारतो, अंश जमा होतोय हे खेळाडूंना दिसावं कसं? आकडा सांगितला तर कोरडं वाटतं.

गोदातीर

पहिल्या गेमच्या शेवटी सारेवोक मरतो तेव्हा त्याचा पुतळा फुटताना दाखवलाय, आणि भोवती तसे कितीतरी उभे. तेच करा, पुतळ्यांऐवजी जोंधळा. टेबलावर दोन वाट्या आणि वीस दाणे. चार दाणे पात्रांचे, त्यांना हळद लावा. बाकीचे सोळा भावंडांचे. कुणी मेलं की दाणा काळ्या वाटीत, कुणी मारलं याला महत्त्व नाही. काळ्या वाटीत तेरा झाले की धनी उठला.

फासा_वीस

तेरा बरोबर आहे, पण दाणे सेशनवर मोजू नका, खेळातल्या पंधरवड्यावर मोजा. एखादा सेशन दोन बैठकांत गेला तर हिशोब बिघडतो. दर पंधरवड्याला दोन भावंडं थोरल्या भावाच्या हातून जातात, सहा पंधरवड्यांत बारा. म्हणजे काही केलं नाही तरी बारा होतात आणि धनी उठत नाही. तेरावा दाणा पात्रांमुळं पडला तरच उठतो. एक भावंड वाचवलं की एका खुनाची सूट. ज्यानं भावंड मारलं त्याला त्या रात्री एक हिट डाय (जखम भरायचा फासा) जास्तीचा द्या आणि एक डागही द्या. हा मोह नसेल तर वाटीकडं कुणी बघणारच नाही.

पात्र मेलं तर हळदीचा दाणाही काळ्या वाटीत जातो, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. पाचव्या सेशनला सांगितलं तर भांडण होतं.

पैठणचा_घाट

आणि दाणे एकवीस घ्या. एखादा टेबलाखाली सांडतोच.